गपवाट

तिवरघर
१८ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

फोन लागत नाही म्हणून पत्र लिहितोय असं नाही. सड्यावर, वरच्या कातळमाळावर चढून गेलं की दोन काड्या येतात. पण मागच्या खेपेला तू म्हणालीस, फोनवर तुझं निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू सांगत नाहीस. म्हटलं, पत्रच बरं.

तर आमचं निसर्ग माहिती केंद्र एकदाचं उभं राहिलं. देवराई, वरचा सडा आणि आपल्या वाडीमागचं रान मिळून राखीव जंगल झालं हे तुला माहीत आहेच. त्याच्या तोंडाशी जांभ्या दगडाची बैठी इमारत बांधली आहे. आत भिंतीवर चित्रं, काचेखाली फुलपाखरं आणि एक पेटी. पेटीचं बटण दाबलं की त्या त्या पक्ष्याचा आवाज येतो. बाबा रोज सकाळी येऊन ते बटण दाबतात आणि बाहेरच्या बाकावर चहा पीत बसतात. मला खाकी सदरा मिळालाय, खिशावर 'हर्षवर्धन, निसर्ग मार्गदर्शक' असं शिवलेलं. तुझ्या घोडपदेवच्या खोलीत माळ्यावर झोपून दोन वर्षं कॉलेज केलं, त्याचं चीज झालं असं वाटतं.

जंगलात फिरायला तीन वाटा आखल्या आहेत. सोबत माहितीपत्रक पाठवतोय. त्यातली तिसरी आपल्या वाडीमागचीच आहे. आपल्या वाडीची वाट कधी कुठे छापून आली होती का? बघून तुला बरं वाटेल. लोक आत्ताच यायला लागलेत, पण रीतसर उद्घाटन सव्वीस जानेवारीला आहे. ये.

तुझा
हर्षवर्धन


घोडपदेव, मुंबई
२७ डिसेंबर २०२४

चि. हर्षवर्धन यास,
जयभीम.

माहितीपत्रक मिळालं. कागद छान गुळगुळीत आहे. मजकुराला आग लागो.

'वाट क्र. ३ : मौनवाट. गावातील पूर्वज निसर्गाविषयीच्या आदराने या वाटेवरून मौन पाळून जात असत. तीच परंपरा जपत आपणही येथे शांतता राखू या.' भिंग घेऊन मी हे तीनदा वाचलं. मग संघमित्राला वाचायला लावलं, म्हटलं नातीचे डोळे तरुण आहेत, माझंच काही चुकत असेल. तिनं वाचलं आणि म्हणाली, आजी, किती सुंदर आहे ना. शेजारची कमल मालवणची, तीही चहा प्यायला आलेली. तिनं नाव दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाली, बरा नाव आसा. दोघींचाही दोष नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही, तर कळणार कसं.

पण तुमच्या साहेबलोकांना विचारायला काय झालं होतं? वाडी हाकेच्या अंतरावर आहे. चार म्हातारी माणसं अजून जिवंत आहेत. त्यांना विचारायचं की बाबांनो, या वाटेनं तुम्ही का जात होता? आम्ही सांगितलं असतं, की गावातून जायची आम्हाला बंदी होती म्हणून. देवळासमोरून तर नाहीच नाही. बाजारात जा, लाकडाला जा, मसणात जा, सगळं त्याच वाटेनं. आणि तेही तोंड मिटून, कारण वर खोताच्या घराची पडवी होती. बोलणं पडवीपर्यंत गेलं की वरून दगड यायचा. त्या वाटेला आम्ही गपवाट म्हणत होतो. निसर्गाचा आदर करायला आम्हाला फुरसत कुठली? डोक्यावर मोळी असायची.

हे कुणी लिहिलं त्याचं नाव मला कळव. ती कोण पुण्याची मॅडम नेमली आहे म्हणाला होतास, तीच असणार. एसीत बसून पूर्वजांच्या तोंडाला कुलूप लावते आणि वर फुलं वाहते. तिला म्हणावं, घोडपदेवहून जाई कांबळे विचारते आहे. तीस वर्षं म्युन्सिपालटीच्या शाळेत शिपाई होते, घंटा मीच द्यायची. कुणाला गप करायचं आणि कुणाला बोलू द्यायचं हे मला चांगलं कळतं.

तुझी आत्या
जाई


तिवरघर
६ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. तुझा राग मी समजू शकतो. पण थोडं शांतपणे ऐक.

मजकूर वगैरे सगळं वरून ठरतं. संस्था असते, समिती असते, त्यात गावातली चार मोठी माणसंही आहेत. मानसी मॅडम वाईट नाहीत. त्या पायी फिरतात, माझ्या डब्यातली भाकरी खातात. एसी तर केंद्रात नाहीच. पाटी आता वाटेच्या तोंडाशी लागली आहे, पत्रकं छापून झाली आहेत. आणि आत्या, लोकांना ते नाव फार आवडतं. माणसं खरंच गप्प होतात तिथे. एरवी ही मंडळी जंगलात येऊनही मोबाइलवर गाणी लावतात.

त्या वाटेवर सातवणीच्या झाडात ककणेरीचं, पुस्तकातल्या धनेश पक्ष्याचं, घरटं आहे. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड मातीनं लिंपून टाकते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नर तिला बाहेरून फळं भरवतो. माणसांचा गलका झाला तर तो परत येत नाही, आणि मग आत मादी आणि पिल्लू उपाशी. म्हणजे तिथे शांतता हवीच आहे. मग तिला गप म्हटलं काय आणि मौन म्हटलं काय, अर्थ एकच ना? एका शब्दासाठी तू जिवाला लावून घेऊ नकोस.

आणि एक विनंती. मॅडमना किंवा समितीला पत्र लिहू नकोस. माझं काम कंत्राटी आहे, मार्चअखेर मुदत संपते.

तुझा
हर्षवर्धन


घोडपदेव
१४ जानेवारी २०२५

चि. हर्षवर्धन,

आज तिळगूळ वाटायचा दिवस आहे म्हणतात. माझ्याकडून गोड बोलण्याची आशा ठेवू नकोस.

तू लिहितोस, गप आणि मौन, अर्थ एकच. तुला मराठी कुणी शिकवलं त्याची माझी एकदा गाठ घालून दे. मौन माणूस आपण होऊन धरतो. गप त्याला दुसरं कुणीतरी करतं. त्या ककणेरीनं आपल्या हातानं, आपल्या पिल्लासाठी दार लिंपलं, ते मौन झालं. तिला चार जणांनी धरून ढोलीत कोंबलं असतं तर तू त्याला काय म्हणाला असतास? एवढं कळायला कॉलेज लागत नाही.

तुला एक गोष्ट सांगते. तू माझ्याकडे होतास तेव्हा वाटेबद्दल मी तुला सांगितलं होतं, पण हे नव्हतं सांगितलं. कुणालाच नाही. तुझ्या बापालाही नाही, कारण तो नंतर जन्मला.

माझ्या पाठीवर आणि तुझ्या बापाच्या आधी एक भाऊ होता. दौलत. आठ महिन्यांचा. मी सात वर्षांची. शिमग्यात त्याला ताप आला, तीन दिवस उतरला नाही, चौथ्या दिवशी सकाळी गेला. तेव्हा गावात पालखी होती, खोताच्या अंगणात नाचत होती. वरून निरोप आला की पालखी उठेपर्यंत वाडीतून रडण्याचा आवाज येता कामा नये. पालखी संध्याकाळपर्यंत उठायची नाही, आणि त्या उन्हात मूल ठेवणार किती वेळ? बानं त्याला धुवट फडक्यात गुंडाळलं आणि गपवाटेनं खालच्या ओढ्याकडे, पऱ्याकडे निघाला. आईनं पदराचा बोळा करून तोंडात धरला होता. मी तिचं लुगडं धरून मागे. वर ढोल वाजत होते. पऱ्याच्या काठी पुरून परत येईपर्यंत तिनं एक हुंदका बाहेर येऊ दिला नाही. संध्याकाळी पालखी उठली. वाडीतल्या बायका आईला म्हणाल्या, आता रड. तिला रडू आलं नाही. नंतरही कधी आलं नाही. माझ्या याच खोलीत ती गेली, एक्क्याऐंशीची होऊन. तोवर तिला मोठ्यानं रडताना मी ऐकलेलं नाही.

आणि तुमच्या पाटीवर लिहिलंय, परंपरा जपू या. कुठली परंपरा, बोळ्याची?

आता दुसरं. मॅडमवर माझा राग आहेच, पण माझं डोकं अजून चालतं. मौनवाट हे नाव गपवाटेवरून आलंय हे आंधळ्यालाही दिसेल. आणि गपवाट हा शब्द आपल्या वाडीच्या बाहेर कुणाला ठाऊक नाही. तो पुण्याच्या बाईला स्वप्नात पडला का? कुणीतरी घरभेद्यानं पुरवला. तो कोण हेही मला ठाऊक आहे. तुझा बाप, शामराव. त्याला बाकावर बसवून दोन कप चहा पाजला की तो घरातली मडकीसुद्धा दाखवून येईल. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं. मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. त्यानं दोनदा फोन केला, मी संघमित्राला सांगितलं, आजी घरात नाही म्हण. त्याला सांग हे.

उद्घाटनाला मी येणार नाही. येईन तेव्हा माझ्या वेळेनं येईन.

जाईआत्या


तिवरघर
५ मार्च २०२५

आत्या,

हे पत्र मी जानेवारीतच लिहायला हवं होतं. तीनदा लिहिलं आणि फाडलं. बाबा रोज विचारत होते, जाई का बोलत नाही रे माझ्याशी. मी म्हणायचो, तिला ऐकू कमी येतं. एवढं खोटं मी बोललो.

रविवारी केंद्रासमोर तुमची बस थांबली आणि त्यातून तू, कमलमावशी आणि घोडपदेवच्या महिला मंडळाच्या बावीस बायका उतरल्या, तेव्हा मी तिकीट खिडकीत होतो. तुला पाहिलं आणि मी खाली वाकलो. रजिस्टर शोधतोय असं दाखवलं. तू खिडकीशी आलीस, माझ्याकडे न बघता पैसे ठेवून तिकिटं उचललीस आणि सरळ तिसऱ्या वाटेला लागलीस. मी मागे आलो, पण लांबून.

पाटीपासून तू जे बोलायला सुरुवात केलीस ते शेवटपर्यंत. इथे माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, इथे खोताची पडवी, इथून दगड यायचा, हा बघा माझ्या कपाळावरचा वण. बायका ऐकत होत्या. कमलमावशींनी डोळ्याला पदर लावला होता आणि त्या म्हणत होत्या, "माका ह्या म्हायतच नव्हता गो जाई, इतकी वर्सा भिंतीक भिंत लावन ऱ्हवलंव." आमचा पहारेकरी सीताराम धावत आला. तो म्हणाला, "आजी, हळू. इथे मौन पाळायचं असतं."

तू त्याला म्हणालीस, "माझ्या आईनं पाळलं. माझ्या वाटणीचंसुद्धा पाळलं."

आणि मग पऱ्याशी पोहोचल्यावर तू रडलीस. आत्या, मी तुला कधी असं पाहिलं नव्हतं. ते साधं रडणं नव्हतं. कुणीतरी आत्ता गेल्यासारखा तू हंबरडा फोडलास. 'दौलत' म्हणून हाक मारलीस. सगळं रान एकदम थांबलं. सातवणीवरून ककणेर उडाला, त्याच्या पंखांचा आवाज मोठा असतो, तो मला ऐकू आला. बायका तुला धरून उभ्या होत्या आणि मी सागाच्या मागे होतो. काका पऱ्याच्या कुठल्या अंगाला आहे हेसुद्धा मला ठाऊक नाही, आणि मी त्या वाटेचा मार्गदर्शक आहे.

पुढचं तुला माहीत आहे. केंद्रात तू मॅडमसमोर ते पत्रक आपटलंस. मॅडम घाबरल्या, आणि त्यांना माझा बचाव करायचा होता की आपला, कोण जाणे, पण खरं तेच बोलल्या. "पण आजी, हे तर तुमच्या हर्षवर्धननंच लिहिलंय. नावही त्याचंच. आम्हाला फार आवडलं."

तू माझ्याकडे बघितलंस आणि गप झालीस. एक शब्द नाही. बसमध्ये जाऊन बसलीस. तू शिव्या दिल्या असत्यास, चार माणसांत थोबाडीत मारली असतीस, तरी चाललं असतं.

हो, मीच लिहिलं. समितीनं काही वरून ठरवलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तिसऱ्या वाटेला काही स्थानिक नाव आहे का, आणि माझ्या तोंडून गपवाट निघालं. लगेच त्यांनी विचारलं, गप का? समोर खोतांचा नातू बसला होता, तो समितीचा उपाध्यक्ष आहे. मी त्याच्याकडे एकदा बघितलं. मी म्हटलं, लोक मौन पाळायचे. सगळे वा वा म्हणाले. मग तेच मी लिहून काढलं.

पण फक्त त्याच्या भीतीनं नाही. खरं सांगतो. त्या वाटेनं मी दिवसातून दोनदा माणसं नेतो. खरं लिहिलं असतं तर दिवसातून दोनदा मला ते सांगावं लागलं असतं, आणि सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं असतं ती मला नको होती. आत्ता ते मला 'सर' म्हणतात. झाडांची नावं विचारतात. मला तेवढंच राहायचं होतं.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

हर्षवर्धन


घोडपदेव
१३ मार्च २०२५

हर्षवर्धन,

आज होळी. खाली चौकात पोरं लाकडं रचताहेत आणि मी तुला लिहितेय.

मी गप राहिले ते तुला लागलं. बरं झालं, लागायलाच हवं होतं. चिपळूणपासून पनवेलपर्यंत मी तोंड उघडलं नाही. कमल घाबरली, तिला वाटलं मला काही झटका बिटका आला. पण मी गप का होते ते तुला कळलं नसेल. मी हिशेब करत होते, की माझ्याच घरात, माझ्याच माळ्यावर, माझ्याच हातचं जेवून दोन वर्षं राहिलेल्या पोराला मी नेमकं काय सांगितलं होतं. त्याला काटे सांगितले, दगड सांगितले. पण त्याची लाज कुणाची ते सांगायचं राहून गेलं. ते मला सांगायची गरज वाटली नव्हती, माझं चुकलं.

तर आता सांगते, नीट वाच. ती लाज आपली नाही. आपण काय चोरी केली होती? वाट ज्यांनी बंद केली त्यांनी मान खाली घालायची. तो उपाध्यक्ष खुर्चीत बसून वा वा म्हणतो आणि तू सागामागे लपतोस, हे उलटं झालं. लोक कुठल्या नजरेनं बघतील म्हणतोस? बघू देत. तुझे आजोबा त्या वाटेनं मूल घेऊन गेले आणि त्याच साली दीक्षा घेऊन आले. आल्यावर पहिल्या दिवशी ते भर दुपारी गावाच्या मधून, देवळासमोरून, चपला घालून चालत गेले. मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. ते कुणाच्या नजरेला भ्यायले असते तर तुझ्या अंगात आज हा खाकी सदरा नसता. आणि तू त्यांच्या वाटेवर उभा राहून बाहेरच्यांना सांगतोस की आम्ही आवडीनं गप होतो. दगड मारणाऱ्यानंसुद्धा हे म्हणायची हिंमत केली नव्हती रे. ते तू लिहून दिलंस, शुद्ध मराठीत.

शामरावला मी फोन केला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं माझं. सख्ख्या भावाला दोन महिने वाळीत टाकलं, आणि वाळीत टाकणं काय असतं हे मला कुणी शिकवायला नको. त्याला म्हटलं चुकले. तो म्हणाला, अगं मला वाटलं तुला ऐकू येत नाही. त्याला दौलतबद्दलही सांगितलं. किती महिन्यांचा होता ते त्यानं पुन्हा विचारलं. मग म्हणाला, म्हणजे मी धाकटा, थोरला नाही.

ककणेरीची मात्र मी माफी मागते. ती आत कोंडलेली आणि मी बाहेर तिच्या नवऱ्याला उडवून लावला. तो परत आला का ते आधी कळव. पाखरांसाठी हळू बोला म्हण, माझी ना नाही. मी काय रानाची वैरी आहे? रान राखलं कुणी, आम्हीच ना. पण कारण खरं लिही. पाखरांचं नाव पुढे करून माणसांना गाडू नकोस.

नवी पाटी लिही. नोकरी जाईल म्हणतोस. जाऊ शकते, मी खोटा धीर देणार नाही. माळा रिकामा आहे.

जाई


तिवरघर
६ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

आधी ककणेराचं. तो त्याच संध्याकाळी परत आला होता. परवा ढोलीतून पिल्लाचा आवाजही ऐकला.

पाटी बदलायचा अर्ज मी समितीला दिला, लेखी. मॅडम माझ्या बाजूनं बोलल्या. उपाध्यक्ष म्हणाले, यानं गावाची बदनामी होईल, शंभर वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार. मी बोलायला उठणार तोच मागून आवाज आला. बाबा होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते नेहमीसारखे चहासाठी आले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "शंभर नाही, एकोणसत्तर. आणि बदनामी वाट केली तेव्हा झाली. पाटी लावून नाही होत." एवढंच, आणि पुन्हा कप उचलला.

समितीनं मधला मार्ग काढला. जुना मजकूर काढायचा आणि पाटीवर फक्त 'वाट क्र. ३' ठेवायचं. बाकी कोरी. म्हणजे पुन्हा गपच. दोन दिवस ती कोरी पाटी मी येता जाता बघितली. तिसऱ्या दिवशी बाजारातून ऑइलपेंट आणि ब्रश आणला आणि सकाळी केंद्र उघडायच्या आधी लिहून काढलं. बाबा डबा धरून उभे होते. तुला आधी दाखवायला हवं होतं, पण थांबलो असतो तर धीर सुटला असता. मजकूर असा आहे :

'गपवाट. गावातून जायची ज्यांना बंदी होती त्यांना या वाटेने गप करून चालवलं जाई. १९५६ च्या शिमग्यात आठ महिन्यांच्या दौलतला याच वाटेने पुरायला नेलं, तेव्हा त्याच्या आईला रडू दिलं नाही. वाटेवरच्या सातवणीत ककणेरीचं घरटं आहे. इथे हळू बोला. पण बोला.'

अक्षर थोडं वाकडं आलंय. मार्चअखेरची मुदत कागदावर वाढलेली नाही, तूर्त तोंडी सांगण्यावरून काम चालू आहे. पंधरा दिवसांची नोटीस आली आहे, समितीची परवानगी न घेता पाटी रंगवल्याबद्दल. उत्तर मी लिहितोय. मॅडम म्हणाल्या त्याही सही करतील, बघू. पाटी मात्र अजून जागेवर आहे. उपाध्यक्षांनी सीतारामला ती पुसायला सांगितलं होतं. तो म्हणाला, माझ्याकडे रॉकेल नाही. त्याच्याकडे रॉकेल आहे, मला माहीत आहे.

काल दादरहून एक गट आला होता. पाटीपाशी सगळे थांबले. कुणीतरी फोटो काढला, मग फोन खिशात ठेवला. एक बाई पुढे आल्या. त्यांनी खिशावरचं माझं नाव वाचलं, मग पाटी पुन्हा वाचली आणि हळू आवाजात विचारलं, "हा दौलत... तुमच्या ओळखीतला कुणी?"

मी म्हटलं, "माझे थोरले काका."

तुझा
हर्षवर्धन